टोपणावरची चिठ्ठी

माणसानं आयुष्यात एकदा तरी एखादं यंत्र स्वतःच्या हातानं सुरू करून दाखवावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. ती पूर्ण झाली आहे. यंत्र सुरू झालं, पहिल्या फटक्यात झालं, आणि ते सुरू झाल्याचं मला अजून वाईट वाटतं. हे वाक्य विचित्र आहे याची मला कल्पना आहे. मी ते खोडलं आणि पुन्हा तसंच लिहिलं.

यंत्र म्हणजे आमच्या टीव्हीच्या पाठीला चिकटपट्टीनं लावलेला संगणक. संगणक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं ते बाजूला ठेवा. हा पत्त्यांच्या जोडाएवढा आहे. एक हिरवी पाटी, तिच्यावर काळे चौकोन आणि कडेला वायरी खुपसायची भोकं. मुलगा मागच्या सुट्टीत आला होता तेव्हा त्यानं तो बसवून दिला. सिनेमे, गाणी, फोटो, सगळं टीव्हीवर दिसेल म्हणाला, आणि तो होता तोवर दिसलंही. तो परत गेला, पाठोपाठ एकदा वीज गेली, आणि वीज आली तेव्हा संगणक काही आला नाही. पडद्यावर एक सप्तरंगी चौकोन उमटला आणि तिथंच थांबला.

बायको बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहे. पण पुढे?"

पुढे काही नव्हतं. मुलाला फोन लावला. त्याचं म्हणणं असं की या संगणकाची सगळी अक्कल एका नखाएवढ्या मेमरी कार्डावर ठेवलेली असते, आणि वीज अवचित गेली की ते कार्ड मरतं. नवीन कार्ड आणलं तर तेही असंच कधीतरी मरेल. "त्यापेक्षा बाबा, पेन ड्राइव्हवरून बूट करा. सोपं आहे."

माझा मुलगा ज्या ज्या गोष्टीला सोपं म्हणाला आहे त्या गोष्टींची मी एक यादी मनात ठेवली आहे. पण बूट करणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. यंत्राला झोपेतून उठवणं. आजवर ते कार्डाच्या हाकेनं उठत होतं, आता पेन ड्राइव्हच्या हाकेनं उठायची त्याला सवय लावायची. त्यासाठी एक कोरा पेन ड्राइव्ह घ्यायचा, लॅपटॉपवरून त्यात यंत्राची अक्कल भरायची आणि तो पाटीत खोचायचा. ऐकताना मलाही सोपं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

एरवी मी हे प्रकरण तिथंच सोडलं असतं. सप्तरंगी चौकोनाशी माझं काही वैर नव्हतं. पण ताई येणार होत्या.

ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. गुडघे गेलेले, नजर अधू झालेली. राहतं घर विकून त्या कायमच्या मुलाकडे निघाल्या होत्या, समुद्रापलीकडे. आता पुन्हा येणं होईल असं त्या म्हणत होत्या, पण म्हणताना कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. निघण्याआधीचा रविवार आमच्याकडे घालवायचा ठरला होता, आणि त्या रविवारी दोघी बहिणी मिळून आपल्या आईला बघणार होत्या.

आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पण ताईंच्या यजमानांनी एके काळी हौसेनं कॅमेरा घेतला होता आणि घरातल्या प्रत्येक माणसाच्या नाकाशी तो धरला होता. त्यात सासूबाईंचं एक चित्रण होतं. खिडकीशी बसून लोकर गुंडाळताहेत, आणि दोन्ही मुलींच्या लहानपणचं काही काही सांगताहेत. काय सांगत होत्या ते नीट कोणालाच आठवत नव्हतं, कारण मुली तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. नंतर सासूबाई गेल्या, यजमान गेले, कॅमेराही गेला. कॅसेट तेवढी कपाटात राहिली. बायकोनं ती स्टुडिओवाल्याकडून पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. फितीला बुरशी धरलेली होती. उतरवताना शेवटी ती तुटली आणि स्टुडिओवाल्यानं टाकून दिली. त्यानं पडद्यावर थोडंसं दाखवायला सुरुवात केली तर हिनं डोळे मिटून घेतले.

"नको," म्हणाली. "ताई आली की दोघी मिळून बघू."

तो पेन ड्राइव्ह तिनं घरी आणून माझ्या हातात दिला. सांभाळायची वस्तू आमच्याकडे माझ्या हातात देतात. कारण मी आयुष्यभर ग्रंथालयात काढलं. ताई मला लग्नापासून ग्रंथपाल म्हणतात. मी ग्रंथपाल कधीच नव्हतो, साहाय्यक सूचीकार म्हणून लागलो आणि सूचीकार म्हणून बाहेर पडलो. पण ही बढती त्यांनी इतक्या प्रेमानं दिलेली होती की ती नाकारण्याचा धीर मला झाला नाही.

आता तुम्ही विचाराल, पेन ड्राइव्ह सरळ टीव्हीलाच का लावला नाही? बायकोनंही हेच विचारलं होतं. टीव्हीच्या कडेला तसं एक भोक आहे. मी तिला टीव्हीची पुस्तिका काढून दाखवली. त्या भोकाच्या चित्राखाली स्पष्ट छापलं होतं, 'केवळ दुरुस्तीसाठी'. छापलेल्या शब्दाचा मी नेहमी मान राखत आलो आहे. बायको म्हणाली, "बरं."

तिच्या 'बरं'चे अनेक प्रकार आहेत. हा त्यातला थकलेला.

तेव्हा दुसरा पेन ड्राइव्ह घेणं आलं. मी त्याच स्टुडिओवाल्याकडून अगदी तसाच घेतला. काळा, टोपणवाला, तेवढ्याच मापाचा. एका बांधणीचे दोन खंड शेजारी ठेवल्यावर जो आनंद होतो तो मला झाला. एकात यंत्राची अक्कल, दुसऱ्यात सासूबाई. दोन्ही पाटीला शेजारी शेजारी लावायचे.

"दोन्ही सारखेच की," बायको म्हणाली. "थांबा, आईच्यावर मी नेलपॉलिशचा ठिपका देते."

आमच्या घरात एक जुनी नेलपॉलिशची बाटली आहे. ती नखांना लावलेली मी कधी पाहिली नाही. किल्ल्या, डब्यांची झाकणं, वीजमीटरचं बटण, माझ्या दोन चष्म्यांपैकी जवळचा, या सगळ्यांवर बायकोचे लाल ठिपके आहेत. मला ही पद्धत कधीच पटली नाही. ठिपका म्हणजे काय? आतमध्ये काय आहे हे ठिपका सांगत नाही. मी तिला म्हणालो, "वस्तूवर खूण नसावी, नाव असावं." आणि पांढऱ्या कागदाच्या दोन बारीक चिठ्ठ्या कापून एकीवर 'यंत्र' आणि दुसरीवर 'आई' असं सुवाच्य लिहिलं. पेन ड्राइव्हचं अंग फार अरुंद, चिठ्ठी बसेना. टोपण जरा रुंद होतं. मी चिठ्ठ्या टोपणांवर चिकटवल्या.

"झालं का तुमचं?" बायकोनं विचारलं. कारण कात्री तिला हवी होती.

हा प्रश्न ती मला दिवसातून पुष्कळ वेळा विचारते. न्हाणीघराच्या दारातून, वर्तमानपत्राच्या पलीकडून, मी चप्पल शोधत असताना. त्यात राग नसतो. तिच्या बोलण्याची ती ठेवणच आहे.

मग कामाला सुरुवात केली. पहिली अडचण अशी की पाटी पेन ड्राइव्हच्या हाकेला उठावी म्हणून तिच्यात आधी एक बदल करावा लागतो, आणि तो एकदा केला की परत फिरवता येत नाही. सूचनांत तसं लिहिलेलं होतं. मी ते वाचून थबकलो. कायमचं असं मी फारसं काही केलेलं नाही. लग्न केलं, पण तेही वडिलांनी ठरवलं होतं. दुपारभर विचार केला, मुलाला फोन केला, बायकोची परवानगी काढली आणि अखेर उधार आणलेल्या कार्डाच्या मदतीनं तो बदल करून टाकला. काहीही झालं नाही. आवाजसुद्धा आला नाही. ज्याला घाबरायला नको होतं त्याला मी असा दुपारभर घाबरलो, हे लक्षात ठेवा.

दुसरी अडचण पिवळ्या विजेची. पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी वीज चमकू लागली. याचा अर्थ पाटीला पुरेसा वीजपुरवठा होत नाही. इथं आमचे शेजारी आले. ते पाणीपुरवठ्यात पंपांवर होते म्हणून त्यांना सगळे पंपसाहेब म्हणतात, आणि जगातली प्रत्येक अडचण अखेर दाबाची असते असं त्यांचं मत आहे.

"दाब कमी पडतोय," कोपऱ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "अॅडॉप्टर बदला. आणि स्वस्तातला घेऊ नका. तुम्ही स्वस्तातला घ्याल."

"मी नाही घेतला, मुलानं घेतला होता."

"तेच म्हणतोय."

अॅडॉप्टर हमीकाळातला होता, म्हणून बदलून घ्यायला दुकानात गेलो. खिडकीवरच्या माणसानं पावती मुलाच्या नावाची आहे हे माझ्या निदर्शनाला आणलं. मी म्हटलं, तो माझाच मुलगा. तो म्हणाला, असेल. त्यानं हे इतक्या सभ्यपणे म्हटलं की क्षणभर मलाही शंका आली. मुलानं परगावाहून त्यांना कळवायचं, त्यांनी मला कळवायचं, मग मी पुन्हा रांगेत उभं राहायचं. मी पुन्हा उभा राहिलो तेव्हा खिडकीवर दुसरा माणूस होता. त्यानं काही न विचारता अॅडॉप्टर बदलून दिला. मला आनंद व्हायला हवा होता, पण इतकी जमवाजमव करून गेल्यावर कोणी काही विचारलं नाही की अपमान झाल्यासारखं वाटतं.

खालच्या शिंप्यानं जाता जाता विचारलं, "काय काका, अजून तेच का?" सगळ्या इमारतीला माहीत झालं होतं.

शनिवारी सकाळी सगळी जुळवाजुळव करून बसलो. टेबलावर लॅपटॉप, पाटी, दोन पेन ड्राइव्ह. मुलानं फोनवर बजावलं होतं, "आधी आजीच्या फिल्मची कॉपी काढून ठेवा." मी हो म्हटलं होतं. पण लॅपटॉपमध्ये जागा नव्हती. ती सगळी माझ्या घरच्या पुस्तकांच्या सूचीनं आणि मुखपृष्ठांच्या चित्रांनी व्यापली होती. मी ठरवलं, यंत्र सुरू झालं की त्यावरच कॉपी काढू. मुखपृष्ठं पुसायला जीव धजला नाही.

तेवढ्यात पंपसाहेब आले. त्यांनी दोन्ही पेन ड्राइव्ह उचलले, दोन्हींची टोपणं काढून टेबलावर ठेवली, आणि एकेक तळहातावर घेऊन वजन बघू लागले.

"जड असतो तो अस्सल," म्हणाले. "हा जड आहे. नाही, हा."

मग त्यांना चहा आला. चहा ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी टोपणं लावून टाकली आणि दोन्ही ड्राइव्ह बाजूला सारले.

मी ते पाहिलं. हेच मला सांगायचं आहे. मी ते समोर बसून पाहिलं. कुठलं टोपण कुठल्याला लावलंत, असं विचारावं हे माझ्या मनात आलंसुद्धा. पण घरी आलेल्या माणसाला, तेही चहा पीत असताना, असं विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. शब्द जिभेपर्यंत आले आणि मी त्यांना बिस्किट पुढे केलं.

मी संशयी माणूस आहे. नळ बंद केला का, कुलूप नीट लागलं का, पत्रावर तिकीट चिकटलं का, हे मी परत जाऊन बघतो. सभेत कोणी हसलं तर ते मलाच असणार असं धरून चालतो. आयुष्यभर सगळ्यावर शंका घेतली आणि त्या सकाळी तेवढा निःशंक राहिलो. कारण वस्तूवर नाव लिहिलेलं होतं. माझ्याच अक्षरात.

पंपसाहेब गेल्यावर मी 'यंत्र' लिहिलेलं टोपण काढलं, ड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि लॅपटॉपला काय करायचं ते सांगितलं. त्यानं विचारलं, यावरचं सगळं पुसलं जाईल, खात्री आहे?

बायको दारातून डोकावली. "आत काय आहे ते बघितलंत का आधी?"

"लिहिलंय ना वर," मी म्हणालो.

आणि होय म्हटलं.

लॅपटॉप बराच वेळ गुणगुणला. मी तो ड्राइव्ह पाटीत खोचला, नवा अॅडॉप्टर लावला. सप्तरंगी चौकोन आला. मग चौकोन गेला, पडदा निळा झाला, आणि त्यावर पांढऱ्या, नेटक्या अक्षरांत सिनेमे, गाणी, फोटो अशी नावं एकाखाली एक उमटली. पिवळी वीज नाही. अडखळणं नाही. ते इतकं देखणं होतं की मी उभा राहिलो.

"झालं का तुमचं?" आतून आवाज आला.

"झालं," मी म्हणालो.

मग दुसरा ड्राइव्ह शेजारी खोचला आणि त्यात काय आहे ते उघडलं. काही नव्हतं. नीट बसला नसेल म्हणून काढून पुन्हा खोचला. दुसऱ्या भोकात खोचला. लॅपटॉपला लावून पाहिला. तो कोरा होता, दुकानातून आणला तसा. मग माझी नजर टेबलावरच्या दोन टोपणांकडे गेली.

ग्रंथालयात नवीन माणसं कामाला लागली की मी त्यांना पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगत असे. पुस्तकाचा क्रमांक वरच्या सुट्या वेष्टनावर चिकटवू नका. वेष्टनं निघतात, बदलतात. क्रमांक पुस्तकाच्या अंगावर हवा. ही गोष्ट मी इतक्यांना इतक्या वेळा सांगितली आहे की त्यांतले काही माझी नक्कल करत असत. मी खुर्चीत बसलो. टीव्हीवर निळा पडदा शांतपणे वाट बघत होता, काय लावू म्हणून.

बायकोला मी सांगितलं नाही. ती उशांचे अभ्रे बदलत होती. ताईंसाठी टीव्हीसमोर कुठली खुर्ची ठेवायची यावर तिचं स्वतःशीच बोलणं चाललं होतं. मी ग्रंथालयात जाऊन येतो असं म्हणालो आणि पुसलं गेलेलं परत काढून देणाऱ्यांचं एक दुकान शोधून काढलं. वाटेत मी एक योजना केली होती. आजच्या आज ते परत मिळवायचं आणि कोणाला कळू द्यायचं नाही. माझ्या योजना चालताना फार चांगल्या होतात.

खिडकीवरच्या बाईंना सर्दी झाली होती. त्यांनी रुमालाआडून सगळं ऐकून घेतलं.

"डेटा कोणाचा?"

"सासूबाईंचा."

"त्यांची सही लागेल."

"त्या नाहीत."

"बाहेरगावी?"

"वारल्या."

त्यांनी रुमाल खाली घेतला. "मग वारसांची. किती वारस?"

"दोन मुली. त्यातली एक माझी बायको."

"दोघींच्या सह्या लागतील. काका, माझा नाइलाज आहे. मागं एका भावानं कौटुंबिक व्हिडिओ काढून घेतला आणि दुसरा भाऊ आमच्यावर केस करायला निघाला. तेव्हापासून नियम आहे."

"पण मी जावई आहे."

"जावई वारस नसतो," त्या म्हणाल्या आणि शिंकल्या.

हे खरं होतं. मी जन्मात सासूबाईंच्या एका वस्तूचा वारस झालो नव्हतो, आणि त्यांची उरलेली एकमेव वस्तू मी पुसून टाकली होती. बाईंनी मला सहीच्या दोन ठिकाणी फुल्या केलेला कागद दिला. निघताना म्हणाल्या, "आणि तो ड्राइव्ह आता अजिबात लावू नका हं. लावला की वरती आणखी लिहिलं जातं." म्हणजे यंत्र नीट सुरू झालं होतं, आणि ते आता सुरू करायचं नव्हतं.

रविवारी ताई आल्या. जिना चढून आल्यामुळे आधी पाणी, मग बसणं, मग गुडघ्याला हात लावून थोडं कण्हणं. मग माझ्याकडे वळून, "काय ग्रंथपाल, तुमचं यंत्र सुरू झालं म्हणे. शिंपी खाली सांगत होता."

"झालं," मी म्हणालो.

बायकोनं पडदे ओढले. ताईंची खुर्ची पुढे, तिची शेजारी, माझी मागे. दोघी बसल्या. ताईंनी चष्मा पुसला. बायकोनं माझ्याकडे न बघता हात मागे केला, सुरू करा अशा अर्थानं.

मी तिच्या पसरलेल्या हातात तो कागद ठेवला.

मला चांगलं बोलता येत नाही. मी टोपणांपासून सुरुवात केली, मधेच वजनावर गेलो, पंपसाहेबांना दोष द्यायचा नाही असं ठरवून तो थोडासा दिलाही, परत मागे घेतला. अर्ध्यात ताई म्हणाल्या, "म्हणजे आई नाहीये यात?"

"नाही."

"मग कशात आहे?"

"आहे त्यातच. पण तिच्यावर हे सगळं लिहिलं गेलंय."

पडदे ओढलेलेच होते. बायकोनं टेबलावरून 'आई' लिहिलेलं टोपण उचललं, उलटंसुलटं करून बघितलं आणि परत ठेवलं.

"मी ठिपका देते म्हणाले होते," ती म्हणाली.

एवढंच. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. तिनं उठून पडदे बाजूला सारले आणि चहा ठेवायला गेली.

त्याच वेळी पंपसाहेब आले. शिंप्याकडून त्यांनाही यशाची बातमी लागली होती. ताईंना नमस्कार करून त्यांनी टीव्हीची पाहणी केली, आणि कडेच्या भोकात आपल्या खिशातला पेन ड्राइव्ह खोचला. "बघू दे तर खरं चित्र कसं दिसतंय." त्यांच्या नातीचं नाचतानाचं चित्रण टीव्हीवर लख्ख दिसू लागलं. पाटी नाही, अक्कल नाही, काही नाही.

"ते भोक केवळ दुरुस्तीसाठी आहे," मी म्हणालो.

"कोण म्हणतं?"

"छापलंय."

"अहो, छापलंय," पंपसाहेब म्हणाले आणि आमच्या तोंडांकडे बघून त्यांनी नातीला मधेच थांबवलं. "काय झालं?"

स्वयंपाकघराच्या दारात बायको कपबशा घेऊन उभी होती. ती टीव्हीकडे बघत होती, माझ्याकडे नाही. हे तिनं ठरवून केलं असावं, आणि त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

ताईंनी तो कागद मागून घेतला. डोळ्यांजवळ नेऊन त्यातली सगळी कलमं वाचली. मग म्हणाल्या, "फुली कुठे आहे ते दाखवा. मला दिसत नाही."

मी बोट ठेवलं. त्यांनी सही केली. मी बोट वेळेत काढलं नाही, म्हणून सहीची एक मात्रा त्यावर उमटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या दुकानात गेलो. ताईंसाठी आतली खुर्ची आणवली. बाईंची सर्दी जरा उतरली होती. ड्राइव्ह नेल्यावर बराच वेळ आम्ही भिंतीवरची हमीची पत्रकं वाचत बसलो. मी सगळी वाचली. त्यांत कशाचीच हमी दिलेली नव्हती.

मग बाईंनी आत बोलावलं. "फार काही नाही," त्या म्हणाल्या. "सुरुवातीच्या भागावरच नवीन लिहिलं गेलंय. शेवटचा एक तुकडा हाताला लागला. चित्र नाही धरत, आवाज आहे."

पडद्यावर हिरवे-करडे चौकोन थरथरत होते. त्यांतला एखादा खिडकीचा असेल, एखादा लोकरीचा. खरखर झाली. भांड्यांचा आवाज आला, लांबून, दुसऱ्या खोलीतून यावा तसा. आणि मग एक म्हातारा, ठणठणीत, जरा कंटाळलेला आवाज म्हणाला,

"झालं का तुमचं? पुरे आता."

चौकोन थांबले.

"हे ह्यांना म्हणतेय," ताई म्हणाल्या. "माझ्या ह्यांना. पिच्छाच सोडत नसत तो कॅमेरा घेतला की." त्या हसल्या आणि हसता हसता त्यांनी बहिणीचा हात पकडला. "मागची भांडी ऐकलीस? त्या आपण दोघी."

मी बायकोकडे बघत होतो. ओठ किंचित उघडे होते. शब्द तिचेच होते, ठेवणही तीच. कुठून आली आहे ते तिला त्या क्षणी कळत होतं, की आधीपासून माहीत होतं, ते मला सांगता येणार नाही. मी विचारलेलं नाही.

"पुन्हा लावता?" ती बाईंना म्हणाली. त्यांनी लावलं. मग पुन्हा. बाकी काही नव्हतं. मुलींच्या लहानपणचं सासूबाईंनी काय सांगितलं होतं ते आता कोणाला कळणार नाही. त्याच्या जागी सिनेमे, गाणी, फोटो अशी नेटक्या अक्षरांतली नावं आहेत.

ताई गेल्या. जाताना जिन्यात थांबून म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका, ग्रंथपाल." मी मान हलवली. ती बढती त्यांनी अजून परत घेतलेली नाही, याचंच मला जास्त लागलं.

मुलगा फोनवर म्हणतो, बाबा, दुसरा ड्राइव्ह घ्या, आता तर तुम्हाला सगळं येतं. येतं खरं. पाटी टीव्हीच्या पाठीला तशीच चिकटलेली आहे. कधीतरी चिकटपट्टी सुटते आणि ती लोंबते. मी ती पुन्हा चिकटवतो.

तो तुकडा बाईंनी एका वेगळ्या पेन ड्राइव्हवर दिला. बायकोनं त्याच्या टोपणावर काही लावलं नाही. टोपण काढून तिनं ते फेकूनच दिलं, आणि ड्राइव्हच्या अंगावर एक जाड लाल ठिपका दिला. तो टीव्हीच्या कडेला, केवळ दुरुस्तीच्या भोकात, कायमचा खोचलेला असतो. दुपारी कधी कधी ती तो लावते. मी आतल्या खोलीत वाचत असतो, दार अर्धं लोटलेलं असतं.

"झालं का तुमचं?" असं ऐकू येतं.

"नाही अजून," मी म्हणतो, आणि कान देऊन बसतो. पलीकडून उत्तर आलं तर ती बायको असते.